भंगारात जाण्याआधी भिंतीवर

मराठीत ‘गॅरेज’ म्हटलं की घराला लागून असलेली गाडी ठेवायची खोली सहसा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. आपलं गॅरेज म्हणजे मिस्त्रीचं दुकान. आखाडा बाळापूरसारख्या गावात तर नक्कीच. अकोल्याहून हिंगोली, कळमनुरी करत नांदेडला आणि तिथून पुढे तेलंगणात जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग या गावावरून जातो. नांदेडच्या बाजूला थोडं पुढे गेलं की खिचडीसाठी नावाजलेला वारंगा फाटा. अशा रस्त्यावरच्या गावात बाजार समितीला हळद-सोयाबीन घेऊन येणारे ट्रॅक्टर असतात, टेम्पो असतात, काळी-पिवळी असते, आणि या सगळ्यांचं दुखणं-खुपणं बघणारी पत्र्याची शेडं असतात. जमिनीत तेल मुरून काळी झालेली माती, एक खड्डा, एक कॉम्प्रेसर, आणि मागे भिंत.

हा लेख त्या भिंतीबद्दल आहे.

अमेरिकेत आणि युरोपात जुन्या मोटारींचे सुटे भाग घरच्या गॅरेजच्या भिंतीवर लावायचा छंद बराच जुना आहे. समोरची जाळी, बंपर, चाकाच्या टोप्या, नंबर प्लेटा, अख्खं बोनेटसुद्धा. आता पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये आणि हायवेवरच्या ढाब्यांवर ही टूम आली आहे. पण बाळापूरच्या गॅरेजात जाऊन कुणी ‘वॉल डेकोर’ म्हटलं तर मिस्त्री मान वर करणार नाही. भिंतीवर वस्तू टांगणं मात्र त्याला नवं नाही. पान्यांचा बोर्ड असतो, प्रत्येक पाना आपल्या खिळ्यावर. गास्केटांच्या माळा, फॅनबेल्ट, टायरट्यूब खिळ्यांना लटकलेले असतात. ऑइल कंपनीचं कॅलेंडर, देवाचा फोटो, गेल्या दसऱ्याच्या वाळलेल्या झेंडूचं तोरण. आणि बहुधा सगळ्यांत वर, हात पोचणार नाही अशा जागी, एखादं जुनं स्टिअरिंग किंवा हेडलाईटची रिंग किंवा नाव कोरलेली धातूची पट्टी. ते विकायचं नसतं. विचारलं तर उत्तर येतं, “राहू द्या, ती जुनी गाडी होती.” या विषयातलं सगळं काही त्या एका वाक्यात आहे असं मला वाटतं.

वस्तू भिंतीवर का चढते? वाड्यांच्या दिवाणखान्यात ढाल-तलवार असे, शिकाऱ्याच्या बैठकीत शिंगं असत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि शिंगांचा तो शौक संपला, ते बरंच झालं. हत्यार आणि शिंग या दोन्हींमागे एकच भावना होती: हे माझ्या हातून गेलेलं आहे, याच्याशी माझं नातं आहे. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. शेतकरी विळा-कुऱ्हाड मांडतो, मिस्त्री पाने-पक्कड मांडतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. हिंगोलीचा दसरा तर दीडशेहून अधिक वर्षांचा. लोखंडाला मान देणारा हा मुलूख आहे. त्यामुळे जुना गिअर भिंतीवर लावणं ही परदेशी नक्कल ठरत नाही. कुठे काय लावायचं याचं भान मात्र आपल्या जागेतून आलं पाहिजे.

मोटारीच्या सगळ्या भागांत लोकांना समोरची जाळी लावावीशी वाटते, याचंही कारण साधं आहे. दोन दिवे आणि मधली जाळी मिळून चेहरा होतो. जीपच्या सात उभ्या फटी लांबून ओळखू येतात. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीस जीप जुळवायला सुरुवात केली आणि तोच चेहरा आपल्या खेड्यापाड्यांत पोचला. पुढे त्याच घराण्याची ‘रॉक्सर’ अमेरिकेत गेली तेव्हा जीपच्या तिथल्या मालकांनी गाडीच्या रूपावरून दावा लावला आणि २०२० साली तिथल्या व्यापार आयोगाने तो उचलून धरला. कंपनीला गाडीचं तोंड बदलावं लागलं. गाडीची ओळख तिच्या चेहऱ्यात असते, हे मिस्त्रीला ठाऊक होतंच. आता ते निकालपत्रातही आहे.

कलावंतांनी हे लोखंड फार आधी हाती घेतलं. पिकासोने १९४२ साली सायकलची एक सीट आणि एक हँडल जोडलं आणि त्याचं बैलाचं मुंडकं झालं. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. पोळ्याला बैल सजवणाऱ्या आपल्या माणसाला ते चित्र समजावून सांगावं लागणार नाही. जॉन चेंबरलेन या अमेरिकन शिल्पकाराने १९५७ साली १९२९च्या फोर्ड गाडीचे मडगार्ड चेपून शिल्प केलं आणि पुढे आयुष्यातला बराच काळ मोटारीच्या पत्र्यात काम केलं. दिल्लीत २०१९ साली सराय काले खाँजवळ दीडशे टन भंगारातून जगातली सात आश्चर्यं उभी केली, त्यांत वाहनांचे सुटे भाग भरपूर आहेत. लोक तिथे गर्दी करतात. माझं मत असं की पिकासोने दोन तुकड्यांत जे केलं ते दीडशे टनांत झालेलं नाही. भाग जितके कमी तितकी त्यांची ओळख टिकते. भिंतीलाही हाच नियम लावावा.

आता मुख्य प्रश्न: बाळापूरच्या भिंतीवर काय शोभेल? मुंबईकर पद्मिनीची जाळी लावेल आणि त्याला तो हक्क आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाईट आणि पुढे तीच पद्मिनी या नावाने निघत राहिली, ते थेट २००० सालापर्यंत. काळ्या-पिवळ्या पद्मिनीची शेवटची नोंदणी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. मुंबईच्या घरात तिचा दरवाजा लावणं म्हणजे शहराचा एक काळ लावणं. बाळापुरात मात्र तीच जाळी विकत आणून लावली तर ती परक्या घरातला फोटो टांगल्यासारखी दिसेल.

आपल्या रस्त्यांचा इतिहास वेगळा आहे. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ गाड्यांवर बससेवा सुरू केली, तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. हैदराबादच्या एसटीच्या नंबरात ‘झेड’ हे अक्षर येतं ते निजामाच्या आईच्या, झेहरा बेगमच्या नावावरून, असं सांगतात. म्हणजे नंबर प्लेटवरच्या एका अक्षरातही आठवण ठेवता येते. निजामाची रोल्स-रॉइस चौमहल्ला राजवाड्यात जपलेली आहे, ती बघायला लोक तिकीट काढून जातात. पण ज्या गाड्यांतून आपले आजे-पणजे बाजाराला गेले, त्या गाड्या कुणी जपल्या? मुंबई राज्यात पहिली एसटी १ जून १९४८ला पुणे–अहमदनगर धावली, पुढे मराठवाड्याची आणि विदर्भाची सेवा धरून १९६१ साली आजचं महामंडळ झालं. त्या जुन्या लाल गाड्या लिलावात गेल्या, कापल्या गेल्या, वितळल्या.

त्यामुळे या भागाची यादी मी अशी करीन. काळी-पिवळी म्हणून आयुष्य काढलेल्या कमांडर जीपची जाळी किंवा टपावरच्या कॅरिअरची शिडी. दुधाच्या क्यान वाहून खचलेल्या एम-८०चं हँडल. १९७२ साली निघालेल्या आणि पुढे गुरुजींची, ग्रामसेवकांची, नर्सबाईंची गाडी झालेल्या लुनाचं पॅडल. बजाज चेतकचा पुढचा पत्रा, ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. राजदूतची टाकी. साहेबांच्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरच्या चाकाची टोपी. ती गाडी बंगालातल्या उत्तरपाड्याला २०१४पर्यंत निघत होती. ट्रॅक्टरच्या बोनेटवरची नावाची पट्टी. आणि जमलं तर जुन्या ट्रकवरचा तारा. टाटांनी १९५४ साली डाइमलर-बेंझशी करार केला, पंधरा वर्षं त्यांचे ट्रक मर्सिडीजचा तारा मिरवत होते आणि १९६९ साली करार संपल्यावर त्या जागी टाटांची स्वतःची खूण आली. एका मुठीत मावणाऱ्या त्या ताऱ्यात देशाच्या कारखानदारीचं एक प्रकरण आहे. म्हणून मला स्वतःला सगळ्यांत जास्त आवडतात त्या या खुणा आणि नावाच्या पट्ट्या. वजन काहीच नाही, जागा वीतभर, आणि सांगण्यासारखं पुष्कळ.

पण भिंतीआधी एक हक्कदार उभा असतो, त्याच्याकडे बघितलं पाहिजे. आपल्याकडे गाडीचा भाग सहजासहजी मरत नाही. जीप-ट्रकच्या कमानीचे पाटे लोहाराच्या भट्टीत जातात आणि त्यातून विळे, कोयते, कुऱ्हाडी निघतात. ते पोलाद इतकं चिवट असतं की घिसाडी बांधव नव्या पट्टीपेक्षा जुना पाटा पसंत करतात. मोटारीची चाकं बैलगाडीला लागतात. ट्यूबचे पट्टे कापून ओझी बांधतात, टायरचे तुकडे नांगराला आणि पंपाला लागतात. शाळेच्या व्हरांड्यात घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा नाहीतर ट्रकची डिस्क आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. भिंतीवर टांगलेलं भंगार म्हणायचं तर आपल्याकडचा तो सर्वांत जुना नमुना, आणि तो बोलतोही. पुण्यात तर २०१६पासून अख्ख्या जुन्या बसगाड्यांची महिलांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहं झाली. जो पाटा अजून विळा होऊ शकतो तो शोभेसाठी भिंतीवर खिळवून ठेवणं मला पटत नाही. शोभेला जागा आहे, पण ज्याला कामच उरलेलं नाही त्या वस्तूला.

दुसरा हक्कदार म्हणजे चालती जुनी गाडी. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना जुलै २०२१पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळते. वीस हजार रुपये भरायचे आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. अशी गाडी उभी करणाऱ्या माणसाला एकेका काचेसाठी, एकेका टोपीसाठी गावोगाव फिरावं लागतं. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात त्याची शोधाशोध चालू असते. सुस्थितीतली, चेपलेली नसलेली अस्सल जाळी कुणी भिंतीवर ठोकली आणि तिला चार भोकं पाडली, तर एक गाडी कायमची बोडकी राहते. वाकलेली, तडकलेली, गंजून चाळण झालेली जाळी खुशाल लावा. ती भिंतीवर जास्त खरीही दिसते.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण नीट समजून घ्यावी. गाडी मोडीत निघाली तर मोटार वाहन कायद्याच्या ५५व्या कलमानुसार मालकाने चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. आपल्याकडे हे बहुतेक जण करत नाहीत. गाडी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते आणि कागद कपाटात राहतो. सप्टेंबर २०२१च्या नियमांनी वाहन तोडण्यासाठी नोंदणीकृत केंद्रं ठरवून दिली. तिथे गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, आणि चॅसिस नंबरचा तुकडा कापून केंद्राने जपायचा असतो. एप्रिल २०२५पासून पर्यावरण खात्याचे वेगळे नियमही लागू झाले. सामान्य माणसाने यातून घ्यायचं ते एवढंच: चॅसिस नंबरचा तुकडा आणि इंजिन नंबरचा भाग भिंतीवर लावायच्या वस्तू नाहीत.

आणि चोरीचा माल. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या तासाभरात सुट्या करण्यासाठी बदनाम होता, डिसेंबर २०२१मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. चोरीची वस्तू जाणूनबुजून जवळ बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७व्या कलमाखाली गुन्हा आहे, मग ती गाडीत लावलेली असो की भिंतीवर. गावातल्या गावात, ओळखीच्या माणसाच्या गाडीचा भाग घेतला तर हा प्रश्नच उरत नाही. अनोळखी ठिकाणाहून घेतला तर साधी का होईना, पावती घ्या.

नंबर प्लेटचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सध्या ती उकिरड्यावर पडते आहे. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी उच्च सुरक्षा पाटी लावणं सक्तीचं झालं आणि घरोघरच्या जुन्या पाट्या एकदम निघाल्या. या पाट्यांवर आपल्या जिल्ह्याचा इतिहास आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधी बाळापूरच्या गाड्यांना परभणीचा ‘एमएच २२’ असे, पुढे हिंगोलीला ३८ मिळाला. नांदेडहून घेतलेल्या गाड्यांवर २६. शिवाय जुन्या पाट्या पेंटरने हाताने रंगवलेल्या. आकड्यांना सावली दिलेली, कोपऱ्यात ‘आई’ किंवा ‘श्री’, खाली गावाचं नाव. नवी पाटी सगळ्या देशात एकसारखी, यंत्राने ठसवलेली. सुरक्षेसाठी ती योग्यच आहे आणि लावलीच पाहिजे. पण पेंटरच्या हातची पाटी पुन्हा कुणी रंगवणार नाही. ती फेकू नका. फक्त तिचा गैरवापर होऊ शकतो हे ध्यानात ठेवा. आतल्या भिंतीवर लावा, आणि कडेला हॅक्सॉने एक खाच अशी मारा की ती परत गाडीवर चढवता येणार नाही. आकडे शाबूत राहतात आणि काळजीही मिटते.

आता लावायचं कसं. या विषयावर जगभर जे सल्ले दिले जातात ते कोरड्या प्लायवूडच्या भिंती धरून दिलेले असतात. बाळापूरसाठी त्यात एक फार मोठी गोष्ट राहून जाते: इथली जमीन हलते. २१ मार्च २०२४च्या सकाळी सहाच्या सुमारास दहा-बारा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के हिंगोली, नांदेड, परभणीने अनुभवले. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५चा धक्का बसला, आणि त्याचं केंद्र बाळापूरच्याच कळमनुरी तालुक्यात होतं. मार्चमधल्या धक्क्यांनंतर प्रशासनाने आवाहन केलं होतं की पत्र्याच्या घरांवर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. किल्लारीच्या भूकंपाची ३० सप्टेंबर १९९३ची पहाट मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. तिथे जीव घेतले ते डोक्यावर पडलेल्या दगड-मातीने. ज्या तालुक्यात पत्र्यावरचे दगड खाली उतरवायला सांगितले जातात, तिथे डोक्याच्या वर गिअरबॉक्स टांगायचा नाही. याला अपवाद नाही.

वजनाचा अंदाज माणसाला पटकन येत नाही. पाण्याच्या एक लिटर बाटलीएवढ्या आकाराचं भरीव लोखंड पावणेआठ किलो भरतं. तेवढंच अ‍ॅल्युमिनियम पावणेतीन किलो. म्हणून जड ते खाली, हलकं ते वर. इंजिनचा ब्लॉक, क्रँक, ब्रेकड्रम, गिअर हे जमिनीवर किंवा गुडघ्याएवढ्या ओट्यावर मांडावे. कमरेपासून छातीपर्यंत जाळी, स्टिअरिंग, टाकी. त्याच्या वर फक्त पट्ट्या, पाट्या, टोप्या. आणि माणूस बसतो, झोपतो, खड्ड्यात उतरून काम करतो, त्या जागेच्या वर काहीच नाही.

भिंतीचा प्रकार बघा. जुन्या घराची पांढऱ्या मातीत रचलेली भिंत ड्रिलने भुसभुशीत होते. तिला आजोबांची पद्धतच बरी. आधीपासून बसवलेली लाकडी खुंटी असेल तर तिच्यावर, नाहीतर तुळईला दोरीने. पक्क्या विटेच्या भिंतीला भोक विटेत पाडा, दर्जेत नको. हलक्या वस्तूला प्लास्टिकची गिट्टी चालते. जाळीसारख्या वस्तूला लोखंडी फास्टनर हवा आणि तोही काँक्रीटच्या कॉलमात किंवा बीममध्ये. पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याला काहीही अडकवू नका. उन्हाळ्याच्या शेवटी वादळी वारा सुटला की पत्रा फडफडतो आणि वस्तू सुटते. उभ्या अँगलला आडवी पट्टी वेल्ड करून घ्या आणि तिच्यावर लावा. एका खिळ्यावर कधीच नाही, कमीत कमी दोन ठिकाणी पकड. शिवाय खालून एल आकाराचा आधार आणि मागून एक साखळी. साखळीचा खर्च किरकोळ असतो आणि धक्का बसला तर तीच वस्तू धरून ठेवते.

एक जाळी लावताना मी बघितली ते सांगतो. कमांडरची, एका बाजूने चेपलेली. मिस्त्रीने तिला भोक पाडलं नाही. जिथे ती गाडीला बसत होती त्याच मूळच्या भोकांतून बोल्ट घातले. भिंत आणि जाळी यांच्यामध्ये जुन्या सायलेन्सरचे रबरी बूश सरकवले. त्यामुळे बोटभर फट राहिली, पावसाळ्यात गंजाचा ओघळ चुन्यावर उतरला नाही, आणि हवा खेळती राहिली. चेपलेला भाग त्याने ठोकून सरळ केला नाही. मी विचारलं तर म्हणाला, “तो डाग तिचाच आहे.” नळीसारख्या भागांची तोंडं मात्र त्याने चिंध्या कोंबून बंद केली, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते आणि खेड्यात विंचूही येऊन बसतो.

साफसफाई हा कंटाळवाणा पण धोक्याचा भाग. तेलकट थर डिझेल आणि ब्रशने सुटतो, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं. कॉस्टिक सोडा लोखंडाला चालतो, अ‍ॅल्युमिनियमला खाऊन टाकतो, तेव्हा कार्बोरेटर आणि पिस्टन त्यात बुडवू नयेत. चकचकीत मुलाम्यावरचे गंजाचे ठिपके स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल पाण्यात बुडवून घासली की निघतात. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात किंवा पारदर्शक लॅकर. सगळा गंज काढायचा हट्ट नको, नव्यासारखी झालेली वस्तू तिचं वय हरवून बसते. उलट बाजारात हल्ली नव्या पत्र्यावर खोटा गंज चढवून विकतात, तो घरात आणू नये. ज्या वस्तूने एक किलोमीटरही काटला नाही तिच्यावरच्या गंजाला अर्थ नाही.

काही भाग मात्र सरळ नाकारायचे. जुन्या ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारली की तो फुप्फुसात जातो. एअरबॅग न उघडलेलं स्टिअरिंग म्हणजे आत बार भरलेला आहे असं समजा, ते भिंतीवर नको आणि घरीही खोलू नका. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीत वाफ राहते, राजदूतच्या टाकीला कडी वेल्ड करायला गेलं की स्फोट होऊ शकतो, म्हणून तिला पट्ट्याने बांधा. गॅसचे शॉकअब्सॉर्बर कापू नका. बॅटरीत शिसं आणि तेजाब असतं, ती दुकानदाराला परत द्यायची वस्तू आहे. आणि कुठलीही ओळख न पटणारी, विनाकारण जड वाटणारी डबी उघडायची नाही. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एप्रिल २०१०मध्ये विद्यापीठाच्या जुन्या यंत्रातला किरणोत्सारी कोबाल्ट असाच सुटा झाला आणि एका कामगाराचा जीव गेला. ती वस्तू मोटारीची नव्हती, पण भंगाराच्या ढिगात कोण कुठून आलं हे लिहिलेलं नसतं.

लिहिलेलं नसतं, हीच या सगळ्या प्रकरणातली खरी उणीव आहे. पुण्या-मुंबईच्या कॅफेतल्या भिंती मी बघतो तेव्हा तिथे सामान महागातलं असतं, प्रकाश छान सोडलेला असतो, आणि एकाही वस्तूखाली ती कुठल्या गाडीची, कुणी चालवली, कुठे धावली हे नसतं. त्या भिंतीपेक्षा बाळापूरच्या मिस्त्रीची भिंत मला मोलाची वाटते, कारण त्याला प्रत्येक तुकड्याची कुंडली माहीत असते. कुठल्या गावची जीप, कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड तिच्यात गेलं, पूर आला तेव्हा कयाधू नदीच्या पुलावर ती कुठे अडकली होती. पण ते त्याच्या डोक्यात आहे, भिंतीवर नाही. वस्ताद दुकान बंद करतो, मुलगा दुसऱ्या धंद्याला लागतो, आणि शेड उतरवताना सगळं एकाच भावाने किलोवर जातं. तोलकाट्यावर जाळी आणि जाळीची आठवण यांत फरक होत नाही.

हिंगोली, नांदेड, परभणीच्या गॅरेजवाल्यांना आणि ड्रायव्हरांना म्हणून एवढंच सांगायचं आहे. येत्या खंडेनवमीला पान्यांची पूजा मांडाल तेव्हा एखादी पट्टी, एखादी टोपी, एखादी हाताने रंगवलेली पाटी बाजूला काढा. साखळी लावून ती भिंतीवर बसवा. आणि खाली ऑइलपेंटने चार गोष्टी लिहा: गाडी कुठली, गाव कोणतं, चालवणारा कोण, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. पेंटर मिळाला नाही तर खडूने लिहा, पण यंदाच लिहा.